स्मृती-शिष्यवृत्ती कुणाच्या हातात पडावी?

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं एकाच विषयाची निघाली: खनिज प्रक्रिया, म्हणजे खाणीतल्या दगडातून कामाचं खनिज वेगळं काढणं. एरवी या विषयावर वर्षाला एक पत्र आलं तरी मी खूश असतो. त्यामुळे सोलर पंप आणि बोअरवेलवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत कळ काढावी.

प्रश्न: आदरणीय काका, सप्रेम नमस्कार. माझा धाकटा भाऊ तुमसरकडच्या एका मँगनीज खाणीच्या प्लांटवर नोकरीला होता. घरच्या परिस्थितीमुळे त्याचा डिप्लोमा अर्धवट राहिला, पण शेवटी शेवटी नवे इंजिनिअरही त्यालाच विचारायचे. गेल्या वर्षी तो गेला. आम्ही भावंडांनी आणि त्याच्या मित्रांनी मिळून दहा लाख रुपये जमवलेत. खनिज प्रक्रिया शिकणाऱ्या मुलांसाठी त्याच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवायची आहे. एका कॉलेजात विचारलं तर म्हणाले, पहिल्या येणाऱ्याला सुवर्णपदक ठेवा, सगळ्यांत सोपं. भाचा म्हणतो, गरिबालाच द्या. अटी काय घालाव्यात, पैसे कुठे ठेवावेत, काहीच उमगत नाही.
— एक बहीण, भंडारा जिल्हा

उत्तर: ताई, सुवर्णपदक ठेवू नका. कॉलेजला ते सोपं वाटतं, कारण निकाल लागला की नाव आपोआप ठरतं, कुणाला डोकं चालवावं लागत नाही. पण पहिल्या येणाऱ्याला बहुधा कॅम्पसमधूनच नोकरी लागलेली असते आणि पदक आईच्या कपाटात जातं. शिवाय ज्याचा डिप्लोमा पैशापायी राहिला त्याच्या नावानं मार्कांना बक्षीस द्यायचं, हे माझ्या तरी पचनी पडत नाही.

त्यापेक्षा तो काय काम करायचा ते बघू. घरी त्यानं कधी नीट सांगितलं असेल की नाही, देव जाणे. प्लांटवरची माणसं घरी फारसं बोलत नाहीत, शर्टावरची काळी धूळ तेवढी घरी येते.

तुमच्या पट्ट्यातलं मँगनीज खाणीतून निघतं ते दगडासकट. सोबत क्वार्ट्झ असेल तर काम सोपं. क्वार्ट्झची घनता २.६५, ब्राउनाइट या मँगनीज खनिजाची ४.७ च्या आसपास. जिग नावाच्या यंत्रात चाळणीवर मालाचा थर असतो आणि खालून पाणी वर उसळतं, खाली बसतं, पुन्हा उसळतं. जड माल तळाशी जातो, हलका वर तरंगत पुढे वाहतो. तुमची आई सुपात तांदूळ घोळून खडे वेगळे करायची, त्याच जातीचं काम. पण भंडारा-बालाघाटकडच्या गोंडाइट खडकात स्पेसर्टाइन नावाचा गार्नेट असतो आणि तो सगळा खेळ बिघडवतो. त्याची घनता ४.२ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ मँगनीजच्या खनिजाइतकाच जड. जिग फसतं. वर त्याच्या अंगातही मँगनीज असतं, पण सिलिकाशी जखडलेलं, त्यामुळे प्रयोगशाळेच्या कागदावर मँगनीज दिसतं आणि सिलिकाही वाढलेली दिसते. मग माल आणखी बारीक फोडायचा का, पाण्याचा धक्का कमी करायचा का, थर जाड ठेवायचा का, हे मालाकडे बघून रोज ठरवावं लागतं. नवे इंजिनिअर तुमच्या भावाला हेच विचारत असणार.

आणि विचारून केलेलं बरोबर की चूक, ते कळतं नमुन्यावरून. इथे थोडी आकडेमोड करतो, कंटाळू नका, शिष्यवृत्तीचं उत्तर यातच आहे. समजा प्लांटला ३० टक्के मँगनीजचा माल जातो. कॉन्सन्ट्रेट, म्हणजे विकायचा माल, ४५ टक्क्यांचा निघतो आणि टेलिंगमध्ये, म्हणजे फेकायच्या मालात, १२ टक्के राहतं. हिशेब मांडला तर १०० टनांतून साडेचोपन्न टन कॉन्सन्ट्रेट मिळतो, आणि आलेल्या ३० टन मँगनीजपैकी साडेचोवीस टन हाती लागतं. रिकव्हरी ८२ टक्के. आता टेलिंगचा नमुना घेणाऱ्यानं पन्हळीच्या एकाच कडेला डबा धरला. त्या कडेनं हलका माल वाहत होता म्हणून नमुना ९ टक्क्यांचा आला. तेवढ्यावर तोच हिशेब रिकव्हरी ८७.५ टक्के दाखवतो! प्लांटमधला एक नटसुद्धा हललेला नाही. साहेब खूश, अहवाल मुंबई-दिल्लीला जातो, आणि मँगनीज टेलिंगच्या तळ्यात.

म्हणून डबा धारेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारख्या वेगानं फिरवायचा, काठोकाठ भरून वाहू द्यायचा नाही, आणि पाळी संपत आली म्हणून तीन वेळचे नमुने एकदम भरायचे नाहीत. पिअर जी या फ्रेंच शास्त्रज्ञानं नमुना घेण्याच्या या कामाचं अख्खं गणित मांडलं. गाभा एवढाच, की ढिगातल्या किंवा धारेतल्या प्रत्येक कणाला नमुन्यात येण्याची सारखी संधी हवी. वर्गात ते अर्ध्या तासात शिकवून होतं. रात्रपाळीला पहाटे तीन वाजता, थंडीत, कुणी बघत नसताना ते पाळायला वेगळी माणसं लागतात.

तर ताई, माझं मत असं. शिष्यवृत्ती नमुना नीट घेणाऱ्या विद्यार्थ्याला द्या. अर्जासोबत मार्कशीट हवी ती पास झाल्याचा पुरावा म्हणून, तिच्यावर क्रमवारी लावायची नाही. मुख्य कागद एकच: स्वतः घेतलेल्या एका नमुन्याची हकिगत. कुठून घेतला, किती किलो, ढिगाचा शंकू करून चौथाई केली की रिफल या खाचांच्या पेटीतून काढला, बारीक कितपत केला, रासायनिक पृथक्करण काय आलं, आणि आत गेलेलं नि बाहेर आलेलं जुळलं का. न जुळलेला हिशेब प्रामाणिकपणे मांडून का जुळला नसावा हे ज्यानं लिहिलं असेल, त्याला पहिला नंबर. सगळे आकडे दशांशापर्यंत जुळवून आणणाऱ्यापासून जरा सावध. निवड समितीत एक जण प्लांटवर काम केलेला घ्या, निवृत्त चालेल. प्राध्यापकांना हकिगत वाचता येते, पण खोटी हकिगत प्लांटवाल्याच्या नाकाला आधी कळते.

भाच्याचं म्हणणंही बरोबर आहे, उत्पन्नाची मर्यादा ठेवा. फक्त त्यासाठी नवे दाखले मागू नका. फी-सवलतीसाठी कॉलेजनं ज्यांचे कागद आधीच तपासलेत त्यांच्यातूनच अर्ज मागवा. तहसीलच्या खिडकीवर चार हेलपाटे घालायला लागले की गरजू पोरगा अर्जच सोडून देतो.

पैसे कधी द्यायचे, याचा विचार कुणी करत नाही. माझ्या मते तिसरं वर्ष संपताना, उन्हाळी ट्रेनिंगच्या आधी. हे प्लांट शहरात नसतात. मलांजखंडचं तांबं, राजस्थानात रामपुरा आगुचाचं शिसं-जस्त, झारखंडात नोआमुंडीचं लोखंड, सगळीकडे जाण्याचं भाडं, खोली, जेवण, सेफ्टी शूज हा खर्च पोरांच्या खिशातून जातो. ज्याला तो झेपत नाही तो गावाजवळच्या एखाद्या वर्कशॉपमधून ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणतो आणि प्लांट न बघताच इंजिनिअर होतो. मुलींचं तर राहण्यावरूनच अडतं. त्या महिन्यात हातात पडलेले पन्नास हजार आणि दीक्षान्त समारंभात मिळालेले पन्नास हजार यांची किंमत सारखी नाही.

कुठे ठेवायची? धनबादच्या आयआयटीत, म्हणजे जुन्या इंडियन स्कूल ऑफ माइन्समध्ये, हा विषय पदवीला आहे. कर्नाटकात संडूरजवळ नंदिहळ्ळीला विजयनगर श्रीकृष्णदेवराय विद्यापीठाचं केंद्र आहे, तिथे खनिज प्रक्रियेचंच एम.टेक. आहे. आपल्या नागपूरला व्हीएनआयटीत खाणकाम आणि धातुशास्त्र असे दोन विभाग आहेत, खनिज प्रक्रिया हा त्यांतला एक भाग. भावाचं नाव आपल्या भागात राहावं असं वाटत असेल तर नागपूर. विषयाची मुलं जास्त हवी असतील तर पहिल्या दोन जागा. मी असतो तर संडूरचा आधी विचार केला असता. तिथे विज्ञान शाखेतून आलेली मुलं असतात, आणि त्यांच्याकडे देणगीदार कमी वळतात.

दानपत्राची भाषा मात्र जपून. त्यात विभागाचं किंवा पदवीचं नाव घालून ठेवलं की पुढे गोची होते. धनबादची 'मिनरल इंजिनिअरिंग' पदवी आता 'मिनरल अँड मेटलर्जिकल इंजिनिअरिंग' झाली आहे. संस्थाही २०१६ साली आयआयटी झाली. नागपूरचं व्हीआरसीई २००२ मध्ये व्हीएनआयटी झालं. नावं बदलतात, मग कुणीतरी कारकून म्हणतो, या नावाचा विद्यार्थीच आमच्याकडे नाही, आणि व्याज नुसतं साचत राहतं. तेव्हा असं लिहा: 'खनिज प्रक्रिया, धातुक-समृद्धीकरण किंवा त्याची जागा घेणारा विषय शिकणारा विद्यार्थी'. शेवटचे शब्द विसरू नका.

रकमेचं गणित सरळ आहे. दहा लाखांवर सात टक्के धरले तर वर्षाला ७०,००० येतात. सगळे वाटू नका. ५५,००० एकाला द्या आणि १५,००० मुद्दलात परत टाका, नाहीतर पंधरा वर्षांनी तुमच्या शिष्यवृत्तीत मेसचं बिलही भागणार नाही. दोघांत वाटायचा मोह होईल, आवरा. एखाद्या वर्षी लायक अर्ज आला नाही तर ती रक्कमही मुद्दलात जाईल, कुणाला तरी द्यायचीच असं नाही, हे आधीच लिहून ठेवा. देणगीच्या पत्रात 'कॉर्पससाठी' हा शब्द लेखी हवा, म्हणजे संस्थेला मुद्दल खर्च करता येत नाही. आयकराच्या सवलतीसाठी ८०जीचं प्रमाणपत्र मागा, पण नवी करप्रणाली घेतलेल्या भावंडांना त्याची वजावट मिळणार नाही, हे त्यांना आताच सांगा. नंतर घरात कुरबुर नको.

प्रश्न: सर, मी डिचोलीचा. बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबांचा ट्रक खाणीवर होता, २०१२ पासून तो दारातच उभा राहिला, मग विकला. मला मिनरल प्रोसेसिंग करायचं आहे. घरी म्हणतात, जे बुडालं त्याच्या मागे कशाला जातोस. कॅनडात एका प्राध्यापकाच्या नावाने या विषयाची मेमोरियल स्कॉलरशिप आहे असं कळलं. त्यातून परदेशी जाता येईल का?
— एक विद्यार्थी, गोवा

उत्तर: घरच्यांचा राग समजण्यासारखा आहे. ऑक्टोबर २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं खाणी थांबवल्या, मधे थोड्या सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ ला ८८ लीज रद्द झाल्या. ज्यांचे ट्रक आणि बार्ज बँकेच्या हप्त्यावर होते त्यांनी काय भोगलं ते मी तुला सांगायला नको. पण बाबांच्या ट्रकचा धंदा आणि तू म्हणतोस तो विषय, यांची गल्लत करू नकोस. ट्रक गोव्याच्या खाणीला बांधलेला होता. विषय कुठल्याच एका खाणीला बांधलेला नाही. आज चुंबकासाठीच्या दुर्मिळ मृदा, बॅटरीचं लिथियम, जुन्या मोबाइलच्या सर्किटमधलं सोनं, सगळ्यांना हीच फोडणी-दळणी-वेगळं करणं लागतं. सरकारनं २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशन काढलं ते त्याचसाठी. आणि डिचोलीच्या ब्लॉकपासून गोव्यातले लिलावही डिसेंबर २०२२ ला सुरू झालेत.

केमिस्ट्री सोडलीस असं समजू नकोस. फ्लोटेशन हे सगळं पृष्ठभागाचं रसायनशास्त्र. दळलेल्या खनिजाच्या कणाला झँथेट या रसायनाचा एका रेणूइतका पातळ लेप बसला की तो पाण्याला नकोसा होतो, बुडबुड्याला चिकटतो आणि फेसासोबत वर येतो. शेजारचा क्वार्ट्झचा कण ओलाच राहतो आणि खाली बसतो. चुना घालून पीएच वाढवला की पायराइट, म्हणजे लोखंडाचं नकोसं सल्फाइड, दबतं आणि तांबं तरंगतं. मला आजही ते बघायला आवडतं, फ्लोटेशनच्या टाकीच्या काठावर उभा राहिलो की वेळ कसा जातो कळत नाही.

आता कॅनडा. तू म्हणतोस ते नाव आंद्रे लाप्लांत यांचं असावं. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ते शिकवायचे आणि त्यांच्या स्मरणार्थ खनिज प्रक्रियेच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती आहे. अशा शिष्यवृत्त्या बहुतेक करून तिथल्याच विद्यापीठात आधी प्रवेश घेतलेल्यांना असतात, तिकीट काढून द्यायला नसतात. तिकिटाचा मार्ग वेगळा शोधावा लागतो. त्यात सगळ्यांत जुनं नाव जे. एन. टाटा एंडाउमेंटचं, १८९२ पासूनचं. ती कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे, शिकून कमवायला लागल्यावर परत करायची. परत आलेल्या पैशावर पुढचा मुलगा जातो, जमशेटजींनी आखलेली ही गोष्ट अजून चालते आहे. मला ती पद्धत आवडते, पण मोठ्या ट्रस्टला झेपते. (वरच्या ताईंनी तिच्या नादी लागू नये, वसुली करता करता नाकी नऊ येतील.)

पण अर्ज कर वा करू नकोस, लाप्लांत यांनी काय केलं ते वाच. सोन्याच्या खाणीत एक जुना वाद असतो: दळण चालू असतानाच जड सोनं नुसत्या गुरुत्वाकर्षणानं किती काढता येईल? प्रत्येक जण आपापल्या अंदाजानं सांगायचा. लाप्लांत यांनी त्यासाठी चाचणी बसवली. मूठभर नमुन्यावर भागत नाही, चांगला भरगच्च नमुना घ्यायचा. आधी ८५० मायक्रॉनखाली दळून प्रयोगशाळेतल्या छोट्या नेल्सन कॉन्सन्ट्रेटरमधून काढायचा. हे गरगर फिरणारं भांडं असतं, कडेच्या खाचांत जड कण अडकतात. जे सोनं सुटलं ते बाजूला काढून उरलेला माल आणखी बारीक करायचा, परत त्याच भांड्यातून, मग तिसऱ्यांदा, ८० टक्के माल ७५ मायक्रॉनखाली जाईपर्यंत. एकदम बारीक का दळायचं नाही? कारण सोनं मऊ, उगाच दळत बसलं तर ते चपटं होतं, लेपासारखं पसरतं आणि हातून निसटतं. जसं सुटेल तसं उचलायचं. टप्प्याटप्प्यानं किती आलं त्या आकड्यांवरून प्लांटमध्ये कॉन्सन्ट्रेटर लावणं परवडेल का ते सांगता येतं. जगभरच्या सोन्याच्या प्रकल्पांत ही चाचणी करतात. स्मृती-शिष्यवृत्तीच्या अर्जात 'या महान शास्त्रज्ञाच्या प्रेरणेने' असलं लिहिणारे ढिगानं असतात. तू तिसऱ्या टप्प्याच्या दळणाबद्दल दोन ओळी शहाणपणाच्या लिहिल्यास तर वाचणारा थांबेल.

तूर्तास संडूरच्या प्रवेशाची चौकशी कर. आणि नागपूरला हिंगण्यात इंडियन ब्युरो ऑफ माइन्सची खनिज प्रक्रियेची प्रयोगशाळा आणि पायलट प्लांट आहे, तिथे भेटीसाठी तुझ्या विभागप्रमुखांकडून पत्र पाठव. एकट्यानं मेल टाकलास तर उत्तराची फार आशा धरू नकोस.

प्रश्न: काका, वडील ओअर ड्रेसिंगमध्ये (खनिज प्रक्रियेचंच जुनं नाव) होते. ते गेल्यावर माळ्यावर कापडी पिशव्यांत दगडांचे आणि पावडरचे नमुने आणि वह्यांचा गठ्ठा सापडला. आई म्हणते कॉलेजला देऊन टाक. घेतील का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर: आतली चिठ्ठी शाबूत असलेल्या पिशव्या घेतील. कुठल्या खाणीचा, कुठल्या थरातला, कुठल्या तारखेचा, एवढं असेल तर तो नमुना. नसेल तर खडी. चिठ्ठी आणि पिशवी यांची ताटातूट होऊ देऊ नका, आधी प्रत्येकीचा चिठ्ठीसकट फोटो काढा. पिवळसर चकाकणाऱ्या सल्फाइडच्या पावडरी फ्लोटेशनच्या कामाच्या राहिलेल्या नसतात, हवेनं त्यांचा पृष्ठभाग गंजतो. दगड मात्र सूक्ष्मदर्शकाखाली शिकवायला चालतात. किरणोत्सारी खनिजाचा उल्लेख असलेली पिशवी निघाली तर ती वेगळी ठेवा आणि कॉलेजला देण्याआधी त्यांना तसं सांगा. वह्या स्कॅन करून घ्या आणि मूळ घरीच ठेवा, कॉलेजं वह्या हरवतात. आणि पिशव्या स्वच्छ दिसाव्यात म्हणून कुणी धुवायला घेऊ नये, आईंनाही सांगा.